असं जोडावं की उघडताही यावं

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की इच्छापोर येतं. इथल्या जेम अँड ज्वेलरी पार्कमध्ये हिऱ्यांचं आणि दागिन्यांचं काम चालतं. हिऱ्याचा कारागीर ज्या छोट्या भिंगातून पैलू तपासतो, त्याला सुरतेत 'आयग्लास' म्हणतात. वस्तू दहापट मोठी दाखवणारं हे भिंग जगभरच्या हिरेबाजारात प्रमाण मानलं जातं. जुनी फाउंटन पेनं जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावरही हे भिंग असतंच, आणि त्याच्या शेजारी असते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची बाटली. भिंग हिरेवाल्यांचं आणि लाख एकेकाळी सुरत बंदरातून युरोपला जाणारी. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बनलेलं पेन आज पुन्हा लिहितं होतं, ते या दोन वस्तूंच्या जोरावर.

आधी भिंगातून निब पाहू. निब सोन्याची असेल तर तिच्यावर बहुतेक वेळा 14 कॅरट असा शिक्का असतो, काहींवर 585 हा आकडा. हजार भागांत 585 भाग सोनं, असा त्याचा अर्थ. सोनं इथे मिरवण्यासाठी आलेलं नाही. जुन्या शाया आम्लधर्मी असत. लोखंडाच्या क्षारापासून केलेली शाई पोलादी निब हळूहळू खाऊन टाकायची. सोन्याला ती काही करू शकत नाही. पण निखळ सोनं फार मऊ, म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळून ते लवचिक आणि टणक करायचं.

आता भिंग निबच्या अगदी टोकावर आणा. तिथे पांढुरक्या धातूचा एक बारीकसा मणी दिसेल, मधोमध चिरलेला. हे सोनं नव्हे. कागद आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण रोज लिहिणाऱ्या सोन्याच्या उघड्या टोकाला तो झिजवून टाकतो. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला 1803 मध्ये प्लॅटिनम आम्लात विरघळवल्यावर तळाशी उरलेल्या काळ्या चुऱ्यात दोन नवे धातू सापडले: ऑस्मियम आणि इरिडियम. दोन्ही अतिशय कठीण, अतिशय जड. 1834 मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी सोन्याच्या निबच्या टोकाला असा कठीण धातू बसवला आणि सोन्याची निब वर्षानुवर्षं टिकू लागली. दुकानदार ज्याला 'इरिडियम पॉइंट' म्हणतात तो हाच मणी, जरी पुढच्या काळात त्यात रुथेनियम, टंगस्टन असे इतर धातू आले.

या मण्याला कारागीर हात लावतो तो हिऱ्याच्या कारागिराच्या धास्तीनंच. घासून काढलेला कण परत बसवता येत नाही. म्हणून निब खरखरत असेल तर तो आधी भिंगाखाली दोन्ही पाती एका पातळीत आहेत का ते पाहतो. बऱ्याचदा एक पातं केसभर वर उचललेलं असतं, आणि सगळी खरखर तेवढ्यानंच होत असते. नखानं हलकेच दाबून ते खाली बसवलं की निब कागदावर सरकू लागते. घासायची वेळ आलीच, तर अतिबारीक पॉलिश-कागदावर इंग्रजी आठाचे दोन-चार आकडे गिरवायचे, पुन्हा भिंग लावायचं आणि थांबायचं.

चीर मात्र आपल्या ओळखीची आहे. मोडीच्या कारकुनांचा बोरूही टोकाशी चिरलेला असे. अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो, त्याला आपण शाळेत केशाकर्षण म्हणायला शिकलो. बोरूत या ओढीनं दौतीतून उचललेली थोडी शाई टोकापर्यंत यायची आणि संपली की पुन्हा बुडवायचं. फाउंटन पेनात शाईचा साठाच निबच्या डोक्यावर बसवला, आणि तिथून खरा पेच सुरू झाला. तेलाची अरुंद तोंडाची बाटली उलटी धरली तर तेल धारेनं येत नाही. एक घोट तेल बाहेर, एक बुडबुडा हवा आत, अशा हिसक्यांनी येतं. पेनात असा एक घोट म्हणजे कागदावर डाग.

1884 मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी जे पेटंट घेतलं, ते निबच्या खाली बसणाऱ्या भागाचं. आपल्याकडे त्याला पेनची जीभ म्हणतात. तिच्यात एक रुंद खाच आणि त्या खाचेच्या तळाशी बारीक चिरा. शाई बारीक चिरांना धरून खाली उतरते आणि हवा रुंद खाचेतून वर जाते. जेवढी शाई कागदानं घेतली, तेवढीच हवा आत आणि तेवढीच नवी शाई खाली. लिहिणारा थांबला की हे सगळं थांबतं. काड्यापेटीतल्या काडीपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या त्या तुकड्यात ना झडप आहे, ना स्प्रिंग. दोन खाचांच्या रुंदीतला फरक हेच सगळं यंत्र.

शाळेत ज्यांच्या खिशाला निळे डाग पडले, त्यांच्यासाठी एक खुलासा. पेन भरलेलं असताना कमी ठिबकतं आणि शाई संपत आली की जास्त. रिकाम्या जागेत हवा असते; हाताच्या किंवा छातीच्या उबेनं ती फुगते आणि खालच्या शाईला ढकलते. शाई जितकी कमी, हवा तितकी जास्त, आणि ढकलणंही तितकंच जोरदार.

ड्रॉपरनं शाई भरताना बोटं माखायची, म्हणून पेन स्वतःच शाई ओढून घेईल अशा युक्त्या निघाल्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फोर्ट मॅडिसन गावी वॉल्टर शेफर नावाचे जवाहिरे होते. त्यांनी 1908 मध्ये एका खटक्याचं पेटंट घेतलं. पेनच्या दांड्यात रबराची लांबट पिशवी. बाहेरचा खटका उचलला की आतली पट्टी पिशवीला दाबते, सोडला की पिशवी फुगते आणि शाई आत येते. 1913 मध्ये त्यांनी कंपनी काढली. मग इतरांनीही आपापल्या तऱ्हा आणल्या. जर्मनीच्या पेलिकननं 1929 मध्ये दट्ट्याचं पेन आणलं, पार्करनं 1933 मध्ये व्हॅक्युमॅटिक, आणि 1952 मध्ये शेफरनंच असं पेन काढलं की ज्याची बारीक सोंड पुढे येऊन शाई पिते आणि निब कोरडीच राहते. संग्राहक या पेनांच्या मागे लागतात ते या युक्त्यांपायी. एकच प्रश्न, आणि त्याला इतकी निरनिराळी उत्तरं.

या सगळ्यात सर्वांत आधी मरते ती रबराची पिशवी. हवेतल्या ऑक्सिजननं रबर कडक होतं, पुढे त्याच्या खपल्या होतात. आजोबांचं पेन हलवल्यावर आत खुळखुळतं ते हेच. ती बदलायची तर पेन उघडायला हवं, आणि इथे लाखेची बाटली कामाला येते.

बोटांत धरायचा पुढचा भाग आणि मागचा दांडा जुन्या कारखान्यांनी अनेकदा लाखेनं जोडला. पिशवीही लाखेनंच चिकटवली. लाख म्हणजे एका चिमुकल्या किड्याचा राळेसारखा स्राव. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे दाटीनं बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती कवच तयार करतात. विदर्भातही, गोंदियाच्या बाजूला, लाखेचं काम जुनं आहे. फांद्यांवरचं कवच खरवडून, धुऊन, लाल रंग काढून टाकून, वितळवून पातळ पापुद्रे करतात. पेनमध्ये वापरतात ते हेच पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून.

ज्याँ-बातीस्त ताव्हर्निए हा सतराव्या शतकातला फ्रेंच रत्नव्यापारी. चौदाव्या लुईला प्रसिद्ध निळा हिरा विकणारा तो हाच. 1676 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं सुरतेच्या बायकांबद्दल लिहून ठेवलं आहे. रंग काढून घेतलेली लाख त्या साफ करत, तिला हवा तो रंग देत आणि मोहोर उठवण्यासाठी तिच्या कांड्या वळत. इंग्रज आणि डच कंपन्या ती विकत घेऊन जात. त्यांची मोठी जहाजं इच्छापोरच्या पलीकडे, सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकत. युरोपातली पत्रं त्या काळी लाखेनं बंद होत. दोन-अडीचशे वर्षांनी पत्रं लिहिणारी पेनंही लाखेनंच बंद होऊ लागली.

कारखान्यांनी लाखच का घेतली, हे दुरुस्तीला बसल्यावर कळतं. शाई पाण्याची असते आणि पाण्याला लाख दाद देत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जोड पक्का राहतो. पण साधारण साठ-सत्तर अंशांची ऊब मिळाली की ती मऊ पडते. कारागीर केस वाळवायच्या यंत्रानं जोडावर गरम हवा सोडतो, पेन सतत फिरवत राहतो, आणि मधूनमधून दोन्ही बाजू हलकेच पिळून पाहतो. जोर करायचा नाही, पुन्हा ऊब द्यायची. आणि मग एका क्षणी, ऐंशी-नव्वद वर्षांनी, जोड सुटतो. आतल्या खपल्या खरवडून काढायच्या, गंजलेली पट्टी साफ करायची, नवी पिशवी मापानं कापायची, तिच्या तोंडाशी लाखेचा हात फिरवून बसवायची, आणि ती आत घासली जाऊ नये म्हणून वरून शंखजिऱ्याची शुद्ध पूड लावायची. लाख रात्रभर वाळू दिली की दुसऱ्या दिवशी खटका उचलायला हरकत नाही.

उघड्या ज्योतीला मात्र इथे सक्त मनाई. 1920 च्या दशकापासून आलेली रंगीबेरंगी, संगमरवरी छटांची पेनं सेल्युलॉइडची आहेत. कापसापासून केलेलं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं ते मिश्रण. ठिणगी लागली तर भडकून जळतं. त्याआधीची काळी पेनं एबोनाइटची. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवलं की लाकडासारखं कडक होतं, तेच एबोनाइट. त्याचा काळा रंग काही दशकांत हिरवट-तपकिरी होतो, कारण उजेड आणि ओलावा मिळाला की पृष्ठभागावरचं गंधक पालटत जातं. म्हणून जुनं काळं पेन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये. वाळलेली शाई काढायची तर फक्त निब आणि जीभ साध्या पाण्यात ठेवावी. तो तपकिरी थर घासून काढावा की राहू द्यावा, यावर संग्राहकांत जोराचे मतभेद आहेत. घासलं तर पेन नव्यासारखं चकाकतं, पण त्याबरोबर कोरलेली नक्षी, कंपनीचं नाव आणि पेटंटची तारीखही जाते. माझं मत राहू देण्याच्या बाजूचं आहे. पेन कुठलं आणि कधीचं, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेकदा उरलेलाच नसतो.

भारतात या कथेला स्वदेशीचं वळण मिळालं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हातानं घडवलेलं पेन गांधीजींना पोचलं ते ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत, आणि 1935 मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी समाधानाचं पत्र धाडलं. त्याआधी 1931 मध्ये गिरगावात दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली होती. पुढे त्यांची कॅमल शाई घराघरांत गेली. अशा शाईची गरजही खरीच होती. बोरूची जुनी शाई काजळी आणि डिंकाची. कागदावर ती शतकानुशतकं टिकते, पण जिभेच्या चिरांत काजळीचे कण अडकून बसतात आणि डिंक वाळतो. फाउंटन पेनला पाण्यात पुरती विरघळणारी शाई लागते. मुंबईच्या वॅलिटी आणि एअरमेलसारख्या पेनांनी तीच शाई ड्रॉपरनं भरून कित्येक पिढ्यांना लिहितं ठेवलं. या साध्या ड्रॉपरच्या पेनांना पिशवीच नाही, त्यामुळे मरायला आत काही नाही. आटे झिजले नसतील, तर धुऊन पुसून ती आजही चालू होतात.

घरात असं एखादं पेन सापडलं, तर खटका जोरानं ओढू नका, कडक झालेल्या पिशवीवर पट्टी अडकून तो मोडतो. आणि तडा गेला म्हणून फेविक्विक लावू नका. तो जोड कायमचा होतो, आणि पेनमध्ये कायमचा जोड म्हणजे पुढची दुरुस्ती बंद. जुन्या कारखान्यांतल्या माणसांनी हे जाणून लाख निवडली होती. पिशवी कधीतरी मरणार आणि कुणाला तरी पेन उघडावं लागणार, हे त्यांनी पेन बनवतानाच धरून चाललं होतं. आपण आज दुरुस्त करतो त्या पेनचीही पिशवी पुढे कडक होणारच आहे. म्हणून आपणही लाखच वापरावी.