श्वास संपला की वर यायचं

मालवणला गेलेल्या बऱ्याच जणींनी स्कूबा डायव्हिंगच्या पाट्या पाहिल्या असतील. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, आणि समुद्राच्या तळाशी फेरफटका. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या बायकाही समुद्राच्या तळाशी जातात. पण हौसेसाठी नाही, पोटासाठी. तेही भर थंडीत, टाकीशिवाय, छातीत भरलेल्या एका श्वासावर. त्यांना हेन्यो म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या बायका.

जेजू हे ज्वालामुखीचं बेट. आपल्या सह्याद्रीसारखाच तिथला काळा दगड लाव्हाचा. हा लाव्हा समुद्रापर्यंत वाहत गेला, म्हणून पाण्याखाली खडकांच्या भिंती, कपारी, घळी आहेत. त्यांत शंख, समुद्री शेवाळ आणि अबलोनी मिळतं. अबलोनी म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा मोठा शिंपल्यासारखा जीव. त्याला भाव चांगला येतो.

हिवाळ्यात तिथलं समुद्राचं पाणी १३-१४ अंशांवर येतं. आपल्या विहिरीचं पाणी थंडीतही याहून बरंच उबदार असतं. शिवाय पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतं. १९७०च्या आसपास रबरी वेटसूट येईपर्यंत या बायका साध्या सुती कपड्यांत उतरायच्या. हिवाळ्यात थोडा वेळ बुडी मारायची, अंग काकडलं की किनाऱ्यावर शेकायला यायचं, मग पुन्हा पाणी. १९६०च्या दशकात कोरियातल्या शास्त्रज्ञांनी अशा पाणबुड्या बायकांची तपासणी केली. थंडीच्या दिवसांत त्यांचं शरीर बसल्याजागीसुद्धा जास्त उष्णता तयार करत होतं. पुढे वेटसूट आले आणि शरीराची ही सवय हळूहळू गेली.

हेन्यो साधारण १० मीटरपर्यंत खाली जातात. एवढ्या खोलीवर दाब दुप्पट होतो, छातीतली हवा आकसून निम्म्या जागेत मावते, कानाचे पडदे दुखतात. वेटसूट अंगाला वर तरंगवतो, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात. ती वर्षानुवर्षं कंबर मोडतात. डोकेदुखी तर पाचवीला पुजलेली. वर आल्यावर कोंडलेला श्वास शिट्टीसारखा बाहेर सोडतात. त्या आवाजाला सुम्बिसोरी म्हणतात. पाण्यावर प्रत्येकीचा तरंगता गोळा असतो, पूर्वी भोपळ्याचा असायचा. त्याला टेकून दम घ्यायचा, त्याच्या जाळीत माल टाकायचा.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता. वेटसूट घेतला, मग टाकी का नाही? टाकी घेतली तर तासभर खाली राहता येईल, चौपट माल निघेल. खरं आहे. पण मग दोन-चार हंगामांत कपारी रिकाम्या होतील, आणि ज्या बाईकडे टाकीला पैसे नाहीत ती मागे पडेल. म्हणून टाकी वापरायची नाही, असा तिथला नियम आहे. शंखांच्या वाढीच्या काळात बंदी असते, आणि लहान शंख परत पाण्यात सोडतात. समुद्र गावच्या सहकारी संघाचा, त्यामुळे कधी उतरायचं हे एकटीनं ठरवायचं नसतं.

हे ठरायचं बुल्तोकमध्ये. बुल्तोक म्हणजे किनाऱ्यावर दगड रचून केलेला आडोसा, मधोमध शेकोटी. तिथंच कपडे बदलायचे, शेकायचं, वारा-भरती पाहायची, भांडणं मिटवायची. अनुभवाप्रमाणे बायकांचे तीन दर्जे असतात, आणि वरच्या दर्जाच्या बायका शेकोटीजवळ बसतात. काही गावांत उथळ पाण्याचा एक भाग म्हाताऱ्या हेन्योंसाठी राखून ठेवतात. त्याचं नावच आजीचा समुद्र! काही ठिकाणी एका भागाची कमाई शाळेसाठी काढून ठेवली गेली. आम्हाला हे सगळ्यात आवडलं, कारण आपल्या गटात वयस्कर सभासदाचं काय करायचं यावर आपण अजून नुसती चर्चाच करतो.

या बायका काही मुकाट सोसणाऱ्या नव्हत्या. १९३२ साली जपानी राजवटीत मालाचा भाव पाडून लूट चालली होती, तेव्हा हजारो हेन्यो रस्त्यावर उतरल्या.

जीव मात्र टांगणीलाच असतो. अबलोनी खडकावरून सोडवायला लोखंडी पात असते, ती मनगटाला बांधलेली. पात आत अडकली आणि अबलोनीनं खडक घट्ट धरला, तर हातही तिथंच अडकतो आणि श्वास संपत आलेला असतो. म्हणून जुन्या बायका नवीनला पहिलं शिकवतात ते हेच: दिसलेला शंख सोडून वर ये.

१९६०च्या दशकात जेजूत २० हजारांहून जास्त हेन्यो होत्या. आता तीन हजारही उरलेल्या नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक साठीच्या पुढच्या. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला वारशाचा मान दिला. पण मानानं अंगात ऊब येत नाही. अनेकींनी याच कमाईवर मुली शिकवल्या, आणि शिकलेल्या मुली शहरात नोकरीला गेल्या. त्यात वाईट काय? आता शिकवायला शाळा निघाल्या आहेत, थोड्या तरुणी येतातही. पण शाळा झाली म्हणून लगेच समुद्र मिळत नाही. तिला गावच्या संघात घ्यायचं की नाही, हे तिथल्या जुन्या बायका ठरवतात.