सिग्नलला वाघ दिसत नाही

नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ, गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. असे काही घडले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. रेल्वेकडे एवढी सिग्नल यंत्रणा आहे, आता ‘कवच’ ही अपघात टाळणारी यंत्रणाही आली आहे, मग गाडी आपोआप का थांबत नाही? प्रश्न रास्त वाटतो, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे पुढच्या रुळावर काय आहे हे सिग्नल यंत्रणा पाहत असते. ती काहीच पाहत नाही. पुढचा टप्पा गाडीने व्यापलेला आहे की मोकळा, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर ती देते, आणि ते मात्र फार चोख देते.

हे उत्तर ती दोन प्रकारे मिळवते. पहिल्यात दोन्ही रुळांतून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या लोखंडी आसांमुळे दोन्ही रूळ जोडले जातात, पलीकडच्या रिलेचा प्रवाह तुटतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, वीज गेली, तरीही तो लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. दुसऱ्या प्रकारात टप्प्याच्या दोन्ही टोकांना आस मोजणारी यंत्रे असतात. जेवढे आस आत गेले तेवढेच बाहेर आले की टप्पा मोकळा. वाघ, रानगवा किंवा रुळावर पडलेले सागाचे झाड या दोन्ही हिशेबांत कुठेच बसत नाही. जनावर रुळावर उभे असताना सिग्नल हिरवा असतो, तेव्हा यंत्रणा बिघडलेली नसते. तिला तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

‘कवच’बद्दलचे गैरसमज याच्याच पुढचे आहेत. पहिला असा, की त्याच्याआधी सगळे रामभरोसे चालले होते. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी चालकाला लोखंडी गोळा दिला जाई. दोन स्थानकांमधली गोळ्याची यंत्रे विजेने अशी जोडलेली असत, की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो हातात नसेल तर गाडी हलत नसे. मुंबईत ज्या मार्गांवर गर्दीच्या लोकल धावतात, तिथे सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला इशारा देऊन ब्रेक लावणारी व्यवस्था कितीतरी वर्षे आहे. ‘कवच’ हे त्याच वाटेवरचे पुढचे, अधिक पक्के पाऊल. जुलै 2020 मध्ये ते राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारले गेले आणि आधी दक्षिण मध्य रेल्वेच्या 1,465 किलोमीटरवर बसले. त्यात आपला मनमाड-मुदखेड मार्गही आहे. रुळांमधल्या टॅगवरून इंजिनाला आपला ठावठिकाणा कळतो, स्थानकाकडून रेडिओवर सिग्नलची स्थिती कळते, आणि लोको पायलट लाल सिग्नलकडे किंवा वेगमर्यादेकडे दुर्लक्ष करू लागला तर ब्रेक आपोआप लागतो.

दुसरा गैरसमज, की ‘कवच’ बसले म्हणजे अपघात संपले. 2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधे लूप लाइनकडे वळलेले होते आणि तिथे मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसे गेली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीतली चूक चौकशीत पुढे आली. त्या मार्गावर ‘कवच’ नव्हते. असते तरी त्याने हिरव्या सिग्नलवरच विश्वास ठेवला असता. ते माणसाची चूक सुधारते, सिग्नलची नाही. सिग्नलला जे माहीतच नाही, ते त्याला कुठून कळणार?

मग रुळावरचे जनावर चालकाने पाहावे आणि थांबावे, असे म्हणणे सोपे आहे. इंजिनाच्या दिव्याचा उपयोगी उजेड सुमारे 300 मीटरपर्यंत पोहोचतो. ताशी 100 किलोमीटरने हे अंतर अकरा सेकंदांत संपते, आणि त्या वेगाच्या जड गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागते. मुख्य सिग्नलच्या किलोमीटरभर आधी इशाऱ्याचा सिग्नल असतो तो याचसाठी. म्हणून जनावर मेले की लोको पायलटला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर साधारण चौथ्या हिश्शावर, म्हणजे अडीचशे मीटरवर येते. मालगाडीत ब्रेकचा परिणाम शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. तरी दिव्याच्या उजेडात थांबणे आवाक्यात येते ते इथेच.

ईशान्येकडे रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरवरून हत्तींच्या पावलांची कंपने ओळखणारी ‘गजराज’ यंत्रणा बसवली आहे, ती गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावर का नको, असे कुणी विचारेल. 2021 पासून गडचिरोलीत, वडसा परिसरात रानटी हत्ती आहेत, त्यामुळे हत्तींसाठी ती जरूर हवी. पण ती काही टनांच्या पावलांसाठी घडवलेली आहे; दोनशे किलोच्या, दबकत चालणाऱ्या वाघासाठी तिच्यावर विसंबून राहता येणार नाही.

जंगलातल्या टप्प्यात रात्री वेग निम्मा ठेवावा, यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. या मार्गावरून कोळसा जातो, वेग कमी केला तर मार्ग तुंबेल. दहा किलोमीटरचा टप्पा ताशी 100 ऐवजी 50 ने कापला तर सहा मिनिटे जास्त लागतात. जड गाडीला पुन्हा वेग घ्यायचा असतो, म्हणून थोडी अधिक. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबावे लागत असताना ही सहा मिनिटे बोचतात, हे मान्य. पण एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच, म्हणजे गोंदिया-बल्लारशा या 240 किलोमीटरच्या मार्गाचे दुपदरीकरण मंजूर केले आहे. ते झाले की क्रॉसिंगसाठीचा खोळंबा जाईल, आणि वाचलेल्या वेळातली काही मिनिटे जंगलाला देता येतील. ती दिली नाहीत तर गाड्या वाढतील, वेग वाढेल आणि जनावरांना एकाऐवजी दोन मार्ग ओलांडावे लागतील. जनावरांसाठी भुयारी मार्ग हवेतच. मात्र रुळाखाली ते नंतर खोदण्यापेक्षा दुसरा रूळ टाकतानाच बांधणे सोपे.

‘कवच’चा जंगलाला उपयोग होऊ शकतो तो इथे. नेमून दिलेली वेगमर्यादा ते कसोशीने पाळायला लावते, रात्री तीन वाजताही. पण कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत किती वेग, हे त्यात भरावे लागते, आणि ते रेल्वे व वन विभागाने एकत्र बसून ठरवायचे आहे. तेव्हा मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा इथल्या लोकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना ‘कवच कधी येणार’ एवढेच विचारून थांबू नये. आपल्या जंगलातल्या टप्प्यासाठी त्यात रात्रीचा वेग किती लिहिणार, हेही विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.