बहिऱ्या मुलीची परिचर्या आणि पाच टक्क्यांचा हिशेब

सातारा-सांगली हा रुग्णसेवेच्या दृष्टीने महाराष्ट्रातला जुना टापू. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले ते १८९४ साली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावी बाळंतिणीची सुटका करणारी सुईण बहुधा मातंग समाजातली असे. परक्याच्या रक्ताला हात लावणे हा विटाळ. म्हणून ज्यांना व्यवस्थेने आधीच विटाळाचे ठरवले होते, त्यांच्याच गळ्यात हे काम पडले. नायगावला जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या, तेव्हाही रोग्याला उचलणे-पुसणे हे प्रतिष्ठितांचे काम नव्हते. पुढे या कामाला परीक्षा आली, नोंदणी आली, बरा पगार आला. आणि मग दारावर नियमही आले.

त्यातल्या एका नियमाविषयी इथे लिहायचे आहे. ऐकू न येणाऱ्या मुलीला परिचारिका होता येईल का, असे विचारले की ‘छे, ते कसे शक्य आहे?’ हे उत्तर तयार असते. अशक्य हे कोणी आणि कशावरून ठरवले, ते मात्र कोणी सांगत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांना ७० डेसिबल श्रवणदोष असला की ते बहिरेपण, ६० ते ७० असला की कमी ऐकू येणे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखाव्यात, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का बहिऱ्या व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असावा, असे हाच कायदा सांगतो. आता भारतीय परिचर्या परिषदेची बी. एस्सी. नर्सिंगची २०२१ ची नियमावली उघडावी. तिथेही ५ टक्के आहेत. पण कोणासाठी? पायाचे अपंगत्व ४० ते ५० टक्के असलेल्यांसाठी. त्या कलमात कानाचा उल्लेख नाही. संसदेने दिलेले पाच टक्के परिषदेने एका पायावर उभे केले आहेत.

कामाच्या अंगाने पाहू. रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकावे लागत; आज यंत्र पट्ट्यातल्या दाबाची स्पंदने टिपून आकडा दाखवते. नाडीला बोटे लागतात, कान नव्हे. हृदयाचा आवाज मोठा करून देणारे, काही तर पडद्यावर त्याची रेषा उमटवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप निघाले आहेत. अतिदक्षता विभागातली बहुतेक यंत्रे इशारा देताना वाजतात तसा दिवाही लावतात. खरी अडचण निराळीच आहे. तोंडावर मास्क असला की ओठ वाचता येत नाहीत. रात्रपाळीला मागच्या खाटेवरून रोग्याने हाक मारली तर कळत नाही. टेलिफोनवरची तोंडी सूचना घेता येत नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि चळवळीने त्या लपवू नयेत. पण पारदर्शक मास्क, लेखी सूचना, जोडीला दुसरी परिचारिका, लसीकरणासारख्या ठिकाणी नेमणूक, असे उपाय त्यांवर आहेत. सगळ्याच परिचारिका काही शस्त्रक्रियागृहात उभ्या नसतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. क्षयावर वर्षानुवर्षे दिलेली स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन ही इंजेक्शने कित्येकांचा कान घेऊन गेली. क्षय हा मुख्यतः गरिबांच्या वस्तीतला रोग, तेव्हा हे बहिरेपण कोणाच्या वाट्याला आले हे वेगळे सांगायला नको. खुणांनी बोलणारी परिचारिका अशा रोग्याला, किंवा कळा देणाऱ्या बहिऱ्या बाईला, काय वाटेल ते ज्याचे त्याने ठरवावे.

हा झगडा आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या फ्रान्सेस डेव्हिस या बाई कनिष्ठ दर्जाच्या परिचारिका म्हणून काम करीतच होत्या. वरच्या शिक्षणासाठी त्यांनी अर्ज केला आणि महाविद्यालयाने कानाचे कारण देऊन तो फेटाळला. १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने महाविद्यालयाची बाजू घेतली. हलके काम चालते, वरचे शिक्षण चालत नाही, हा न्याय आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली वेगळी दिशा घेतली. ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वाचा व भाषेचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला होता. न्या. भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला की नुसत्या टक्क्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही; हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासून कारणांसह सांगितले पाहिजे. निकाल वैद्यकीय शिक्षणाचा आहे, परिचर्येचा नव्हे. पण परिचर्येत वेगळे तत्त्व कसे चालेल, हे परिषदेला विचारता येते, आणि ते अजून पुरेशा जोराने विचारले गेलेले नाही.

मात्र महाविद्यालयाच्या दारापर्यंत मुलगी पोचते कुठे? बी. एस्सी. ला बारावी विज्ञान आणि जीवशास्त्र लागते. तीन वर्षांच्या जी. एन. एम. पदविकेलाही बारावीला इंग्रजी उत्तीर्ण असावे लागते. बहिऱ्या मुलांना शाळेत भाषाविषयांची सवलत देतात, आणि दयेपोटी सोडवलेली इंग्रजी पुढे हीच वाट बंद करते. माण-खटावच्या, जतच्या वस्तीतल्या मुलीला तर विज्ञान शिकवणारे, खुणांची भाषा जाणणारे शिक्षक मिळायचे कुठून? जातीने एक दार, कानाने दुसरे, अंतराने तिसरे. शिक्षकांनी आठवी-नववीतच पालकांना सांगावे की इंग्रजी सोडू नका.

कार्यकर्त्यांनी करायचे ते असे: जिल्हा रुग्णालयातून श्रवणदोषाचे प्रमाणपत्र काढावे, आणि श्रवणयंत्र लावून किती ऐकू येते याची चाचणीही वेगळी करून जोडावी, कारण प्रमाणपत्रावर ती नसते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. तिथे भागले नाही तर उच्च न्यायालय आहे. हे सारे प्रवेशफेऱ्या चालू असतानाच व्हायला हवे. ओंकार गोंडच्या बाबतीत न्यायालयाने प्रवेशाचा आदेश १८ सप्टेंबरला आधी दिला आणि कारणे १५ ऑक्टोबरला नोंदवली.