पाचोळ्याचा हंगाम

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आपल्याकडे घर उलटेपालटे होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, जळमटे निघतात, आणि घरातील कर्त्या पुरुषाला ऐन रविवारी स्टुलावर चढून पंखे पुसावे लागतात. त्याच दिवसांत सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, निराळीच साफसफाई चालू असते. तिचे क्षेत्र घराबाहेरचे अंगण. मॅपल, बर्च, ओक ही झाडे पाच-सहा आठवड्यांत आपली सगळी पाने खाली ओतून मोकळी होतात, आणि ती पाने उचलणे हा तिकडे हजारो माणसांचा पोटापाण्याचा धंदा होऊन बसला आहे.

आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. पाण्याची ओढ सुरू झाली की साग उघडाबोडका होतो. तिकडे कारण वेगळे. दिवस आखडू लागले, हवेत गारठा आला, की झाड पानातले हिरवे द्रव्य मोडून त्यातील पोषण परत ओढून घेते. मग मागे राहिलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडांत तांबडा नव्याने तयार होतो, आणि देठाशी बुचासारख्या पेशींचा पडदा उभा राहून पान सुटते. हा रंगोत्सव पाहायला लोक मोटारी काढून डोंगरांत जातात. घरी परत येतात तेव्हा अंगणात घोट्याइतका पाचोळा साचलेला असतो! मग बागकामाच्या ठेकेदाराला फोन जातो.

या ठेकेदाराची अडचण गृहिणींना चटकन कळेल. लग्नाचा मुहूर्त सगळ्यांनाच एक हवा असतो आणि आचारी मात्र गावात चारच असतात, तसा हा प्रकार. ऑक्टोबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत, प्रत्येक गिऱ्हाइकाला आपले अंगण स्वच्छ हवे असते. पुढे बर्फ पडला तर त्याखाली दबलेली ओली पाने गवताचा श्वास कोंडतात आणि वसंतात हिरवळीवर कुजके डाग उठतात. त्यातून झाडांचे आपसांत एकमत नाही. साखरी मॅपल लवकर मोकळा होतो. गिंको तर थंडीची एक कडक रात्र झाली की सकाळी काही तासांत सगळी पिवळी पाने टाकून देतो. ओक महाशय मात्र बिऱ्हाड न सोडणाऱ्या भाडेकरूसारखे. त्यांची तपकिरी पाने नोव्हेंबर उलटला तरी फांदीला धरून असतात, काही तर वसंतापर्यंत. तेव्हा जाणता ठेकेदार कोणाच्या अंगणात कोणते झाड आहे याची वही ठेवतो आणि फेऱ्या त्याप्रमाणे लावतो. ओकवाल्याकडे ऑक्टोबरात जाणे म्हणजे तेच काम फुकट दोनदा करणे.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. समजा तीन माणसांची एक टोळी आहे, आणि वाटेतला वेळ धरून एका अंगणाला दीड तास लागतो. नऊ तासांच्या दिवसात सहा अंगणे झाली. प्रत्येक अंगणामागे पंधरा मिनिटे वाचली, तर त्याच दिवसात सातवे अंगण बसते. तीस दिवसांच्या हंगामात ही तीस अंगणे जास्तीची झाली, आणि माणसे तीच, ट्रक तोच. अर्थात हा फायदा ठेकेदाराच्या पदरात पडतो तो काम ठोक पैशांनी घेतले असेल तरच. तासावारी पैसे घेणाऱ्याला चपळाईचे बक्षीस मिळत नाही, उलट बिल कमी होते. म्हणून मुरलेले ठेकेदार ठोक आकडा सांगतात, आणि तो सांगण्याआधी माना वर करून झाडे मोजतात.

ही पंधरा मिनिटे कोठून काढायची? नवशिक्याचे उत्तर ठरलेले: आणखी मोठे यंत्र आणा. पानाला किती वेळा हात लागतो ते मोजायला जुना मुकादम शिकवतो. वाफ्यातून हिरवळीवर, हिरवळीवरून ढिगात, ढिगातून टोपलीत, टोपलीतून ट्रकमध्ये असा एकाच पानाचा चार वेळा प्रवास झाला, तर मालकाने चार वेळा मजुरी मोजली. कामाचा क्रम म्हणूनच ठरलेला असतो. आधी छपराच्या पन्हळी, कारण तेथला कचरा खालीच पडणार. मग घराच्या भिंतीलगतचे आणि झुडपांखालचे वाफे. मग हिरवळ, घराकडून बाहेरच्या दिशेला. वाटा व मोटारीचा रस्ता सर्वांत शेवटी. आपल्याकडे केर काढताना कोपऱ्यांपासून सुरुवात करून दाराशी आणतात, त्यापेक्षा यात निराळे काही नाही. सकाळी दव असते आणि ओली पाने जड होऊन जमिनीला चिकटतात, म्हणून पहिल्या तासात पन्हळींचे काम करावे आणि ऊन वर आल्यावर हिरवळीला हात घालावा. वाऱ्याशी भांडू नये. तो ज्या बाजूला जातो त्याच बाजूला पाने न्यावीत, मग निम्मे काम तोच करतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी हत्यार कोणते म्हणाल, तर ताडपत्री. पानांचा ढीग करून तो उचलण्यापेक्षा ताडपत्री आधीच पसरायची, पाने तिच्यावरच ढकलायची, आणि चार टोके धरून ओढत न्यायची. गवतावरून ताडपत्री सहज सरकते. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे पाव एकराच्या अंगणात पिशव्या भरत बसणारा गडी आणि ताडपत्री ओढणारा गडी यांच्या वेळेत जमीनअस्मानाचा फरक पडतो. मोठ्या टोळ्यांच्या ट्रकवर पाने ओढून घेणारा जाड नळा असतो. तो पाने आत घेता घेता त्यांचा भुगा करतो, त्यामुळे ट्रक एवढ्या तेवढ्याने भरत नाही आणि खड्ड्यापर्यंतच्या खेपा वाचतात.

परंतु या सर्वांवर ताण करणारी युक्ती म्हणजे पान हलवायचेच नाही. गवत कापण्याच्या यंत्राला बारीक तुकडे करणारे पाते लावायचे आणि कोरड्या पानांवरून दोनदा फिरवायचे. पानांची भरड होऊन ती गवताच्या मुळाशी उतरते आणि तेथेच खत होते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत, यंत्र दमदार असेल तर सहा इंचांपर्यंतचा थर अशा रीतीने हिरवळीत जिरवता आला. गवताला अपाय झाला नाहीच, उलट डँडेलियन नावाच्या चिवट तणाचा उपद्रव घटला. कोकणातला बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या सुपारीच्या आणि आंब्याच्या आळ्यांत पालापाचोळा घालत आला आहे, त्याला यात आश्चर्य वाटायचे नाही. तिकडे मात्र गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागते. त्याला गवतावर एकही पान दिसता कामा नये. शेजाऱ्याची हिरवळ गालिच्यासारखी आणि आपलीवर भरड, हे त्याच्या प्रतिष्ठेला सोसत नाही. तेव्हा दहा मिनिटांत होणारे काम सोडून ठेकेदार मुकाट्याने तासाभराचे काम करतो, आणि त्याचे बिलही देतो.

उचललेल्या पानांचे पुढे काय होते? एकेकाळी रस्त्याकडेला ढीग करून ती जाळीत. तो धुराचा वास ज्यांनी लहानपणी घेतला ते म्हातारे अजून त्याच्या आठवणी काढतात. १९६० व १९७० च्या दशकांत हवेच्या प्रदूषणाचे कायदे आले आणि बहुतेक शहरांतून ही चाल बंद पडली. न्यू जर्सीने १९८७ च्या कायद्याने पाने कचराभूमीत पुरण्यालाही बंदी केली, त्यामुळे आता त्यांचे खत होते. वाचकांपैकी कोणाचे चिरंजीव किंवा जावई एडिसनच्या बाजूला घर करून असतील, तर त्यांना तेथील नगरपालिकांचे नियम पाठ असतील: गाडी येण्याच्या सात दिवसांपेक्षा आधी पाने रस्त्याकडेला ठेवायची नाहीत, आणि पावसाच्या पाण्याच्या गटाराच्या तोंडापासून दहा फूट दूर ठेवायची. हा दहा फुटांचा नियम कोणा कारकुनाची लहर नव्हे. पावसात भिजलेली पाने चहाच्या पत्तीसारखी पाझरतात, त्यांतला फॉस्फरस गटारातून तळ्यात जातो आणि तेथे शेवाळ माजते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात अमेरिकन भूगर्भ खात्याने केलेल्या अभ्यासात, रस्त्यावरची पाने वेळच्या वेळी उचलली तर शरदातील गटारांतून वाहणारा फॉस्फरस ८० टक्क्यांहून अधिक घटतो असे आढळले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

आता त्या यंत्राविषयी, ज्याच्या आवाजाने तिकडची शरदातली सकाळ उजाडते. पाठीवर घ्यायचा ब्लोअर म्हणजे नाशिकच्या द्राक्षबागेत फवारणीसाठी जो इंजिनाचा पंप पाठीला बांधतात त्याचाच भाऊ. शेतीतल्या फवारणी यंत्रातूनच तो निपजला, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत पसरला. वजन दहा-बारा किलो, नळीच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. दंताळ्याने ज्या कामाला अर्धा दिवस जाई ते याने तासावर आणले, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्यातले इंजिन बहुधा दोन स्ट्रोकचे. आपल्या जुन्या स्कूटरींचा निळा धूर ज्यांना आठवतो त्यांना अधिक सांगायला नको. तेल घातलेले पेट्रोल, आणि त्यातला बराच भाग न जळता तसाच हवेत. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा की, धंदेवाईक ब्लोअर एक तास चालवल्याने धुरके तयार करणारी जी घाण हवेत जाते, ती २०१७ सालची टोयोटा कॅमरी सुमारे ११०० मैल चालवण्याइतकी असते!

शेजारी आवाजाने कावतात, तो बातम्यांचा विषय होतो. ज्याच्या पाठीवर ते इंजिन असते त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या देशातील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. पेट्रोलच्या ब्लोअरवाल्याच्या कानाशी आवाज पुष्कळदा पंचाण्णवच्या पुढे असतो, आणि त्याचा दिवस पंधरा मिनिटांत संपत नाही. हे काम करणारे बहुसंख्य मजूर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. त्यांतले कित्येक एच-टू-बी नावाच्या हंगामी परवान्यावर येतात. त्या परवान्यांची मूळ मर्यादा वर्षाला ६६,००० आहे, वेळोवेळी सरकार त्यात भर घालते, आणि त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बागकामाचाच धंदा आहे. परवान्याची मुदत हंगामाबरोबर सरते. ओकची पाने लांबली तर मुकादमाची तारांबळ उडते ती यामुळेही. कानात बोळे घालणे, डोक्यावर कर्णरक्षक चढवणे, दोघांत पाळीने ब्लोअर घेणे, ही टोळीचा वेग न घटवणारी साधी पथ्ये आहेत. पाळी बदलली की पाठही सुटते आणि दुपारनंतरचे काम रेंगाळत नाही. तरीही उघड्या कानाने काम करणारा मजूर तिकडच्या रस्त्यावर सर्रास दिसतो.

गंमत अशी की, ब्लोअरचे खरे भांडण जेथे पानगळ नावालाच आहे त्या कॅलिफोर्नियात पेटले. कार्मेल या समुद्रकाठच्या गावाने १९७५ मध्येच त्यावर बंदी घातली. पुढे लॉस एंजेलिसने घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवणे गुन्हा ठरवले, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये लॅटिन अमेरिकन माळ्यांनी नगरभवनासमोर उपोषण केले. त्यांचे म्हणणे सरळ होते: कामाला वेळ दुप्पट लागेल, गिऱ्हाईक पैसे मात्र तेवढेच देईल, मग वरचा वेळ कोणाच्या पोटातून काढायचा? उपोषणाचे हत्यार आपल्या ओळखीचे आहे, म्हणून नव्हे, पण मला त्या प्रश्नाचे उत्तर आजतागायत कोणी नीट दिलेले दिसले नाही. कायदा राहिला, आणि तो मोडून काम करणेही राहिले.

आता बॅटरीवरचे ब्लोअर आले आहेत. वॉशिंग्टन शहरात १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर बंद झाले. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांच्या नव्या विक्रीला २०२४ पासून आळा घातला. बॅटरीचा आवाज कमी, धूर नाही, सकाळी दोरी ओढून दमायला नको. परंतु ओल्या पानांचा ढीग हलवताना बॅटरी भराभर उतरते. दिवसभराच्या कामाला पेटीभर बॅटऱ्या लागतात, आणि त्यांची किंमत ऐकून लहान ठेकेदाराचे डोळे पांढरे होतात. म्हणून शहाणे लोक ताकदीचे काम ताडपत्रीवर आणि मोअरवर टाकतात. ब्लोअर फक्त कोपऱ्यांसाठी ठेवला की दोन बॅटऱ्यांत अंगण निघते. आधी सांगितलेला मुकादमाचा हिशेब येथेही लागू पडतो, आणि कानालाही तोच मानवतो.

अलीकडे गिऱ्हाइकांचीही एक नवी जात निघाली आहे. किडामुंगीचे रक्षण करणारी झर्सीस सोसायटी नावाची संस्था लोकांना सांगते की झाडाखालची पाने तशीच राहू द्या. काजव्यांच्या अळ्या त्या पाचोळ्यात वाढतात, लूना पतंगाचे कोश पानांत गुंडाळून पडलेले असतात. ज्यांनी जूनमध्ये भंडारदऱ्याचे काजवे पाहिले आहेत त्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागू नये. असे गिऱ्हाईक म्हणते, हिरवळ आणि वाटा साफ करा, वाफ्यांना हात लावू नका. ठेकेदाराला आधी धसका बसतो, की काम कमी म्हणजे पैसे कमी. नंतर त्याच्या ध्यानात येते की सर्वांत किचकट, काट्याकुट्यांतून हाताने काढायचे काम वाफ्यांतलेच होते, आणि ठोक रकमेतून त्याने थोडी सूट दिली तरी तास वाचतो.

नोव्हेंबर संपतो. उशिरा गळणाऱ्या ओकची शेवटची फेरी उरकते, परवान्यावरचे मजूर विमाने धरतात. राहिलेली माणसे ब्लोअरच्या टाकीतले पेट्रोल काढून यंत्रे कोठीत टांगतात, ताडपत्र्या धुऊन वाळत घालतात, आणि त्याच ट्रकच्या तोंडाला बर्फ ढकलण्याचा फाळ बसवतात.