लाल तेल आणि तुळजापूरचा घाट

चैत्री पौर्णिमेची दुपार. एक फॉर्च्युनर सोलापूरहून पुण्याच्या हायवेला लागली आहे, ताशी १०० च्या वेगाने. तशीच दुसरी सात माणसं आणि कॅरिअरवर सामान घेऊन तुळजापूरचा घाट चढते आहे. पुढे यात्रेची गर्दी, मागे एसटी, गाडी हातहातभर सरकते. ऊन दोघींनाही सारखंच, ४२ अंशांचं. कोणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जास्त तापेल?

बहुतेक जण पळणाऱ्या गाडीकडे बोट दाखवतील. तापते ती रांगणारी. याचं कारण शोधत गेलं की आपण एका विलक्षण यंत्रापाशी पोहोचतो: टॉर्क कन्व्हर्टर.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट असते. या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलाने भरलेलं एक बंद भांडं असतं. आत समोरासमोर पात्यांची दोन चाकं. एक इंजिन फिरवतं, दुसरं गिअरबॉक्सला जोडलेलं, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा नाही. चालू टेबलफॅनसमोर बंद पंखा ठेवला की त्याची पाती हळूहळू फिरू लागतात, तसंच हे. फक्त वाऱ्याच्या जागी लाल तेल आहे, आणि त्या तेलाच्या धक्क्यावर दोन टनांहून जड गाडी चढ चढते!

खरी कमाल मधल्या तिसऱ्या, छोट्या चाकाची. त्याला स्टेटर म्हणतात. दुसऱ्या चाकाला ढकलून परतणारं तेल उलटं येऊन पहिल्या चाकाला अडवू पाहतं. स्टेटरची वाकडी पाती त्याला वळवून पुन्हा इंजिनाच्याच दिशेने सोडतात. एवढ्यानेच गाडी हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट होतो. ही युक्ती मोटारीसाठी सुचलेलीच नव्हती. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटिन बंदरातल्या व्हुल्कान जहाज कारखान्यात काम करायचा. वाफेचं टर्बाइन भन्नाट वेगाने फिरतं, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. दोघांची सांगड घालताना त्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. समुद्रासाठी जन्मलेलं यंत्र आज आपल्या बालाघाटाच्या डोंगरात राबतं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण तेल घसरतं. पहिलं चाक जोरात आणि दुसरं सावकाश फिरत असेल, तर मधल्या फरकाची शक्ती तेल घुसळण्यात जाते आणि उष्णता बनते. हायवेवर एकसारखा वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो. घसरण संपते, आणि तिच्यातून येणारी उष्णताही. घाटात रांगताना तो क्लच बहुतेक वेळ सुटलेला असतो. टोकाची अवस्था पाहा: ब्रेक दाबलेला आणि एक्सलेटरही दाबलेला. जोर सगळ्यात जास्त, काम शून्य, इंजिनाची सगळी शक्ती तेलात. कन्व्हर्टरमध्ये ५ किलो तेल धरा आणि इंजिन १०० किलोवॉट देतंय असं समजा. गणित सांगतं, ते तेल दर सेकंदाला सुमारे १० अंशांनी तापेल. गॅरेजमध्ये अशी चाचणी करताना ५ सेकंदांच्या वर जाऊ नका असं सर्व्हिस मॅन्युअल बजावतं, ते उगाच नाही. घाटात एवढी आग होत नाही, पण थोडी थोडी होत तासभर चालते.

त्याच तेलावर आतले क्लच दाबले जातात, त्यानेच दातेरी चक्रांना वंगण मिळतं. फार तापलं की ते काळवंडतं, जळका वास येतो, सील कडक होतात, गिअर झटका देत पडतात. ढोबळ नियम असा की तेल तापू लागलं की दर १० अंशांमागे त्याचं खराब होणं दुप्पट वेगाने होतं.

कंपनीने बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच तेलासाठी छोटा कूलर दिलेला असतो. पण तिथलं पाणीच ९० अंशांच्या आसपास असतं. तेल त्याच्या खाली कसं उतरणार? म्हणून वेगळा कूलर लावतात: अॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांच्यात पातळ जाळी, जागा रेडिएटरच्या पुढे. उष्णता किती निघेल हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. २५ अंशांच्या हवेत ९० अंशांच्या तेलाला ६५ चा फरक मिळतो. तापलेल्या डांबरावर ४५ अंशांच्या हवेत तो ४५ उरतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तोच कूलर जवळपास तिसरा हिस्सा काम गमावतो. त्यात एसीच्या कंडेन्सरमधून आलेली हवा आणखी गरम. सोलापूरकराने कूलर एक माप मोठाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना तेल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सकडे असा क्रम ठेवतात. मध्ये थर्मोस्टॅट हवाच. डिसेंबरच्या पहाटे तेल फार थंड राहिलं तर ते जाड होतं आणि लॉक-अप लागायला वेळ घेतो. नळ्या गरम तेल सोसणाऱ्याच हव्यात. कूलर पंख्याच्या ओढीत बसला पाहिजे, कारण रांगणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. नवी गाडी असेल तर वॉरंटीचं आधी विचारा. आणि उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ जाळीत घट्ट बसते. ती बेताच्या धारेने धुवा, जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

कूलर नसेल तरी घाटात एक उपाय हाताशी आहे. गर्दी पूर्ण थांबली की हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलला टाका, पण इंजिन चालू ठेवा. दुसरं चाक मोकळं होऊन पहिल्याबरोबर फिरू लागतं, घसरण जवळजवळ संपते, आणि तेलाचा पंप इंजिनावर चालत असल्याने गरम तेल कूलरकडे जातच राहतं. इंजिन बंद केलंत तर पंपही थांबतो आणि सगळी धग गिअरबॉक्समध्येच कोंडून राहते.