बोस्टनचा बर्फ आणि ऐंशी कॅलरी

मे १८३३मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं शिडाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवर थंडीत धरलेला, कापून साठवलेला, साधा पाण्याचा बर्फ. प्रवास चार महिन्यांचा, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि थंड ठेवायला यंत्र कसलंच नाही. सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता.

हा उद्योग फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या गृहस्थाचा. १८०६मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर बर्फाचं पहिलं जहाज धाडलं तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. पुढे कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला, पण बर्फ सोडला नाही. कलकत्त्यापाठोपाठ मुंबई आणि मद्रासलाही त्याचा बर्फ येऊ लागला. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ साली मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा प्रसिद्धच आहे. फोर्टात सरकारी गोदीजवळ घुमटाचं बर्फघर होतं, ते पाडलं गेलं. मद्रासचं मात्र मरीना किनाऱ्यावर अजून उभं आहे. चेन्नईला गेलो की मी तिथे जातोच. लोक तिथे विवेकानंदांसाठी येतात, कारण १८९७मध्ये ते त्या वास्तूत उतरले होते. मी भिंतींची जाडी बघत हिंडतो. बरोबरच्या मंडळींना याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की हा बर्फ वाटेत संपला कसा नाही? भुसा, गवत, सालींचा चुरा हे उत्तर अर्धंच. भुशामुळे उष्णता आत यायचा वेग मंदावतो, थांबत नाही. उरलेलं उत्तर उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात आहे. शाळेत हा फरक एका ओळीत उरकतात. माझ्या मते अख्ख्या भौतिकशास्त्रात याच्याइतका रुचकर विषय दुसरा नाही.

१७६०च्या सुमारास ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी काचेचे दोन सारखे गोळे घेतले. दोन्हींत सारखंच पाणी, पण एकातलं गोठवलेलं आणि दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या जेमतेम वर. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगून ते घड्याळ लावून बसले. साधं पाणी अर्ध्या तासात ४० अंश फॅरनहाइटवर आलं. बर्फाला तिथवर पोचायला साडेदहा तास लागले. हवा तीच, काच तीच, म्हणजे उष्णता दोन्हींत साधारण एकाच वेगाने शिरत होती. मग बर्फात इतके तास शिरलेली उष्णता गेली कुठे? तापमापीत तर ती दिसत नव्हती. ती सगळी वितळण्यात खर्च झाली होती. हाच अप्रकट उष्मा. ब्लॅक यांनी हे विद्यार्थ्यांना शिकवलं, पण पुस्तक काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांची व्याख्यानं छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३मध्ये.

आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाणी एका सेल्सिअस अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांवर गेलं असतं, चहाला जवळजवळ आधण आलं असतं. हे नसतं तर हिमालयातला बर्फ ऊन पडताच एकदम वितळून गंगेला पूर आला असता. बर्फ सावकाश का वितळतो, याचा असा विचार ब्लॅक यांनीही मांडला होता.

ट्यूडरच्या मदतीला आणखी एक हिशेब होता. एक किलोचे सुटे ठोकळे पसरले तर टनामागे साधारण ६४ चौरस मीटर पृष्ठभाग उघडा पडतो. शंभर टनांचा एकच घन रचला तर टनामागे जेमतेम १.४ चौरस मीटर. उष्णता पृष्ठभागातूनच आत येणार, म्हणजे ती वाट सुमारे ४६ पटींनी अरुंद झाली. ठोकळे एकमेकांना घट्ट चिकटून बसायचे तर ते चौकोनी आणि एका मापाचे हवेत. नॅथॅनियल वाइएथ या माणसाने त्यासाठी घोड्याने ओढायचं बर्फ कापायचं अवजार तयार केलं. माझ्या लेखी या व्यापाराचा खरा नायक तोच.

पदार्थाच्या अवस्थांबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, म्हणून लिहितो. स्थायूत रेणू जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांना धरून सरकतात, वायूत मोकाट सुटतात. त्यापुढे प्लाझ्मा. उणे २७३.१५ अंशांच्या अगदी जवळ सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या नावाची अवस्था, जी १९९५मध्ये प्रयोगशाळेत साधली. सेल्सिअसने १७४२मध्ये आपल्या मापनात उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर म्हटलं होतं, ते पुढे उलटवलं गेलं. झालं.

ट्यूडरच्या आधी आपल्याकडे बर्फ नव्हता असं मात्र समजू नका. अलाहाबादेत थंडीच्या कोरड्या रात्री खड्ड्यात उसाची वाळकी चिपाडं पसरून त्यावर मातीची उथळ भांडी पाण्याने भरून ठेवत आणि पहाटे वर धरलेला बर्फ गोळा करत. रॉबर्ट बार्कर याने १७७५मध्ये त्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पाण्यातली उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाते, काही वाफेबरोबर जाते आणि खालची चिपाडं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. अकबराच्या दरबारात सोरा पाण्यात विरघळवून त्यात सुराही फिरवत. विरघळताना सोरा उष्णता ओढून घेतो.

रत्नागिरीला मिरकरवाड्यात एका बर्फाच्या कारखान्यात मी पुष्कळदा जाऊन बसलोय. पायाखाली लाकडी झाकणांच्या रांगा. झाकण उचललं की पत्र्याचा डबा मिठाच्या पाण्यात बुडालेला दिसतो. ते पाणी उणे अंशांत असूनही मिठामुळे गोठत नाही, डब्यातलं गोडं पाणी गोठतं. मोठी लादी पुरती धरायला अख्खा दिवस पुरत नाही, कारण आतल्या पाण्याच्या ऐंशी-ऐंशी कॅलरी आधी धरलेल्या बर्फातून बाहेर काढाव्या लागतात. थर दुप्पट जाड व्हायचा तर वेळ चौपट. "मधला गाभा सगळ्यात शेवटी धरतो," तिथले एक जुने कामगार सांगतात. पाण्यातली हवा आत-आत ढकलली जाते म्हणून तो गाभा पांढरा दिसतो. मग डबा साखळीने वर घेऊन साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचा. कडेचा पातळ थर सुटतो आणि तिरकं करताच लादी सळ्ळकन बाहेर येते.

पुढे लादीचा चुरा होऊन होडीत मासळीवर पडतो. खालून पाणी गळताना पाहून बर्फ फुकट गेला असं नवख्याला वाटतं. पण मासळीतली उष्णता घेऊनच तो वितळतो आणि चुरा शिल्लक आहे तोवर टोपलीचं तापमान शून्यावरून फारसं हलत नाही. शून्य अंशाचं नुसतं पाणी ओतलं असतं तर ते पाहता पाहता कोमट झालं असतं.

पुढे यंत्रांनी कारखान्यातच बर्फ बनू लागला आणि जहाजांचा धंदा बसला, तरी मोजमाप मागे राहिलं. एसी घ्यायला गेल्यावर दुकानदार एक टन की दीड टन विचारतो, तो टन बर्फाचाच. शून्य अंशावरचा एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. किलोवॉटमध्ये सांगायचं तर सुमारे साडेतीन. दीड टनाचं यंत्र पूर्ण जोराने दिवसभर चाललं तर १३६० किलो बर्फाचं काम करतं.