चीनचे नौदलीय हवाई दल

चीनचे नौदलीय हवाई दल : चिनी लोकमुक्तिसेनेच्या नौदलाची हवाई शाखा. किनाऱ्याचे हवाई संरक्षण, समुद्रावरील टेहळणी, पाणबुड्यांचा शोध व नाश, शत्रूच्या जहाजांवरील हल्ले आणि विमानवाहू जहाजांवरून करावयाच्या हवाई कारवाया ही या शाखेची प्रमुख कामे मानली जातात. तिची स्थापना १९५२ मध्ये झाली. पहिली सु. साठ वर्षे तिची लढाऊ विमाने केवळ किनाऱ्यावरील धावपट्ट्यांवरून उडत असत. चीनचे पहिले विमानवाहू जहाज २०१२ मध्ये नौदलात दाखल झाले व पुढील तेरा वर्षांत आणखी दोन जहाजांची भर पडली. या वाटचालीत जहाजबांधणीपेक्षा विमानाचे एंजिन, उड्डाणाची यंत्रणा आणि वैमानिकांचा अनुभव हे प्रश्न अधिक अवघड ठरले आहेत.

चिनी विमानांच्या नावांतील आद्याक्षरावरून विमानाचा प्रकार ओळखता येतो. ‘जे’ हे अक्षर लढाऊ, ‘एच’ बाँबफेकी, ‘वाय’ मालवाहू विमानांसाठी व ‘झेड’ हेलिकॉप्टरांसाठी वापरतात.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या काळात या दलाची सर्व सामग्री सोव्हिएट रशियाकडून आलेली होती. शेन्यांग, हार्बिन व शीआन येथील कारखान्यांत मिग–१७, मिग–१९, आयएल–२८ व टीयू–१६ या सोव्हिएट विमानांच्या धर्तीवर अनुक्रमे जे–५, जे–६, एच–५ व एच–६ ही विमाने तयार होऊ लागली. १९६० मध्ये दोन्ही देशांतील मतभेदांमुळे सोव्हिएट तंत्रज्ञ परत गेले आणि चिनी विमान उद्योग एकाकी पडला. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात संशोधनात खंड पडला. १९६९ मध्ये प्रथम उडालेले जे–८ हे विमान नियमित वापरात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. १९८० नंतरच्या दशकातही नौदलाची विमाने पाश्चात्त्य व सोव्हिएट विमानांच्या मानाने एक पिढी मागे होती.

१९८२ ते १९८८ या काळात नौदलाचे प्रमुख असलेले ल्यू ह्वाचिंग यांनी केवळ किनाऱ्यालगतचे संरक्षण पुरेसे नाही, असे आग्रहाने मांडले व विमानवाहू जहाजांचा पुरस्कार केला. १९८५ मध्ये भंगारासाठी विकत घेतलेल्या मेलबर्न या ऑस्ट्रेलियन विमानवाहू जहाजाचा चिनी अभियंत्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९९६ मध्ये तैवानच्या प्रश्नावरून तणाव वाढला, तेव्हा अमेरिकेने त्या परिसरात विमानवाहू जहाजांचे दोन ताफे पाठविले. त्यांना रोखण्याचे साधन त्या वेळी चीनजवळ नव्हते. १ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चिनी समुद्रावर नौदलाच्या एका जे–८ विमानाची अमेरिकन टेहळणी विमानाशी टक्कर झाली. चिनी वैमानिक मृत्युमुखी पडला आणि अमेरिकन विमानास हायनान बेटावरील लिंगश्वे तळावर उतरावे लागले. या दोन्ही घटनांमुळे किनाऱ्यापासून दूरवर हवाई सामर्थ्य असण्याची निकड चीनला अधिकच जाणवली.

विमानवाहू जहाजे : वर्याग या सोव्हिएट विमानवाहू जहाजाचे बांधकाम १९८५ मध्ये युक्रेनमधील निकोलायेव्ह येथे सुरू झाले होते. सोव्हिएट संघराज्याच्या विघटनानंतर ते सु. दोन तृतीयांश पूर्ण झालेल्या अवस्थेत थांबले. १९९८ मध्ये मकाव येथील एका कंपनीने तरंगते जुगारगृह करण्याच्या नावाखाली हा सांगाडा २ कोटी डॉलरना विकत घेतला. तुर्कस्तानने त्यास बॉस्पोरस सामुद्रधुनीतून जाण्याची परवानगी दीर्घकाळ दिली नाही. अखेर २००१ च्या नोव्हेंबरात तो तेथून ओढून नेण्यात आला व मार्च २००२ मध्ये डाल्येन बंदरात पोहोचला. तेथे त्याची पुनर्बांधणी होऊन २५ सप्टेंबर २०१२ रोजी ल्याओनिंग या नावाने ते जहाज नौदलात दाखल झाले. याच आराखड्यात सुधारणा करून डाल्येन येथे बांधलेले शांडुंग हे जहाज १७ डिसेंबर २०१९ रोजी सेवेत आले. फूज्येन हे शांघाय येथे बांधलेले तिसरे जहाज जून २०२२ मध्ये पाण्यात उतरविण्यात आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हायनान बेटावरील सान्या येथे नौदलात समाविष्ट झाले. त्याचे वजन ८०,००० टनांहून अधिक आहे. पहिल्या दोन जहाजांहून ते मूलतः भिन्न असून हा फरक उड्डाणाच्या तंत्रात आहे.

उड्डाणतंत्र : जमिनीवरील लढाऊ विमानास उड्डाणासाठी कित्येक शेकडा मीटर धाव मिळते. जहाजाच्या सु. ३०० मी. लांबीच्या डेकवर त्याचा लहानसा भागच उपलब्ध असतो. ल्याओनिंग व शांडुंग या जहाजांच्या नाळेकडील टोकास वर वळलेला उतार आहे. विमान स्वतःच्याच एंजिनाच्या जोरावर धावत जाऊन या उतारावरून हवेत फेकले जाते आणि खाली येण्यापूर्वी मिळालेल्या काही सेकंदांत आवश्यक तो वेग गाठते. ही रचना साधी असली, तरी तिच्यामुळे विमानाच्या वजनावर मर्यादा पडते. इंधन पूर्ण भरावयाचे असेल, तर शस्त्रे कमी न्यावी लागतात व शस्त्रे पूर्ण न्यावयाची असतील, तर पल्ला घटतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जहाजावरील सु. ३० मी. उंचीच्या रडारला पाण्यालगत १० मी. उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे केवळ सु. ३५ किमी. अंतरावर दिसू लागते. हेच रडार ८,००० मी. उंचीवरील विमानात असल्यास त्याची नजर ३५० किमी.च्याही पलीकडे पोहोचते. परंतु असे जड पंखा-एंजिनाचे विमान उताराच्या साहाय्याने उडविणे व्यवहार्य नसल्यामुळे पहिल्या दोन जहाजांना पूर्वसूचनेसाठी हेलिकॉप्टरांवर विसंबावे लागले. हेलिकॉप्टरची उंची व हवेत राहण्याचा काळ दोन्ही मर्यादित असतात.

फूज्येन जहाजावर यासाठी तीन विद्युत् चुंबकीय प्रक्षेपक बसविले आहेत. डेकखालील लांब खाचेत सरळ रेषेत फिरणाऱ्या विद्युत् चलित्रासारखी योजना असते. साठविलेली विद्युत् ऊर्जा काही सेकंदांत सोडून एक सरकती घोडी वेगाने पुढे ओढली जाते व तिला जोडलेले विमान तिच्याबरोबर वेग घेते. अनेक दशके प्रचलित असलेल्या वाफेच्या प्रक्षेपकापेक्षा यातील जोर विमानाच्या वजनानुसार अधिक अचूकपणे कमीजास्त करता येतो. त्यामुळे हलके वैमानिकरहित विमान व जड लढाऊ विमान ही दोन्ही एकाच यंत्रणेने उडविता येतात. अशी यंत्रणा यापूर्वी २०१७ मध्ये सेवेत आलेल्या जेरल्ड फोर्ड या अमेरिकन जहाजावरच वापरात होती. मात्र ते जहाज अणुशक्तीवर चालते, तर फूज्येनला ठरावीक काळाने इंधन घ्यावे लागते.

विमाने व एंजिने : जे–१५ हे या जहाजांवरील मुख्य लढाऊ विमान होय. युक्रेनकडून मिळविलेल्या रशियन सु–३३ च्या एका आद्य नमुन्यावरून ते तयार करण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण २००९ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१२ मध्ये ते ल्याओनिंगवर प्रथम उतरले. प्रक्षेपकाने उडविण्यासाठी जे–१५टी, रडारच्या कक्षेत सहज न येणारे जे–३५ व पूर्वसूचना देणारे केजे–६०० या तीन विमानांची फूज्येनवरील यशस्वी उड्डाणे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आली. २०२३ मध्ये किनाऱ्यावरील बहुतेक लढाऊ व बाँबफेकी विमाने नौदलाकडून हवाई दलाकडे सोपविली गेल्यामुळे नौदलाचे लक्ष आता प्रामुख्याने जहाजांवरील विमाने, टेहळणी व पाणबुडीविरोधी कार्य यांवर केंद्रित झाले आहे.

विमानाचा सांगाडा दुसऱ्याच्या नमुन्यावरून करता येतो; एंजिनाचे तसे नाही. झोत एंजिनातील टरबाइनाची पाती त्यांच्या धातूच्या वितळबिंदूहून अधिक तापमानाच्या वायुझोतात फिरतात. ती टिकावीत म्हणून निकेलच्या मिश्रधातूची एकस्फटिकी पाती ओतावी लागतात व त्यांत शीतनासाठी सूक्ष्म मार्ग ठेवावे लागतात. हे कसब प्रत्यक्ष उत्पादनातूनच साध्य होते. म्हणूनच जे–१०, जे–१५ व जे–२० ही विमाने प्रारंभी रशियन एएल–३१ एंजिनावर उडत असत. तायहांग अथवा डब्ल्यूएस–१० हे चिनी एंजिन विश्वसनीय होण्यास दीर्घकाळ लागला. नंतर मात्र त्याने रशियन एंजिनाची जागा घेतली.

वैमानिकांचे शिक्षण : डेकवर उतरताना विमानाच्या शेपटीखालील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकावा लागतो. तो चुकल्यास पुन्हा उडता यावे, म्हणून वैमानिक डेकला स्पर्श होताच एंजिन पूर्ण जोराने चालवितो. या शिक्षणाची किंमत चीनला मोजावी लागली. जे–१५ च्या निर्मितीचे प्रमुख ल्वो यांग यांचे २०१२ मधील पहिल्या चाचण्या संपताच हृदयविकाराने निधन झाले, तर एप्रिल २०१६ मध्ये चांग छाव हे वैमानिक जमिनीवरील डेकसदृश धावपट्टीवर सराव करताना मरण पावले. प्रारंभी अनुभवी वैमानिकांतूनच निवड होत असे. पुढे नवशिक्यांना थेट या कामासाठी तयार करण्यास सुरुवात झाली.

महत्त्व : जून २०२५ मध्ये ल्याओनिंग व शांडुंग ही जहाजे एकाच वेळी पश्चिम पॅसिफिकमध्ये सराव करीत होती. हिंदी महासागराच्या परिसरात चिनी युद्धनौका व त्यांवरील हेलिकॉप्टरे चाचेगिरीविरोधी कार्यासाठी डिसेंबर २००८ पासून एडनच्या आखातात जात आहेत. २०१७ मध्ये जिबूती येथे चीनचा तळ सुरू झाला. त्यामुळे भारताच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. भारतीय नौदलाने विक्रांत हे विमानवाहू जहाज १९६१ मध्येच सेवेत घेतले व १९७१ च्या युद्धात वापरले. गोव्यातील हंसा तळावर वैमानिकांच्या अनेक पिढ्या घडल्या असून डेकसारखी उताराची सरावपट्टीही तेथे आहे. संख्या व तंत्र यांत चीन आज पुढे गेला असला, तरी त्याच्या जहाजावरील विमानांना प्रत्यक्ष युद्धाचा अनुभव नाही. जहाज काही वर्षांत बांधता येते. वादळी समुद्रात, रात्री व सतत अनेक दिवस उड्डाणे चालू ठेवणारे वैमानिक, तंत्रज्ञ व डेकवरील कर्मचारी तयार होण्यास मात्र एक संपूर्ण पिढी लागते. चीनच्या नौदलीय हवाई सामर्थ्याचे मूल्यमापन करताना जहाजांच्या संख्येइतकाच हा घटकही विचारात घ्यावा लागतो.